सुरीचा भाग

गेल्या बुधवारी तो दोराला लटकत होता
फिरंग्याच्या गलबताच्या कडेला,
सुरी दातांत, खाली काळं पाणी,
आणि तिथेच त्यांनी थांबवलं.

सात दिवस आमची फेरीबोट,
रायबंदर ते दिवाडी, दिवाडी ते रायबंदर,
तेवढंच बोलत राहिली.
पिएदाद मासळीची पाटी खाली न ठेवता म्हणाली,
मारणार तो कप्तानाला, बघच तू.
सदानंद मास्तर म्हणाले, असा कोणी सरदार
कुठल्याच बखरीत नाही.
पण बुधवारी धक्क्यावर सगळ्यांत आधी तेच.

आणि आमचा प्रज्योत,
दोर टाकायला ठेवलेला, वय एकोणीस,
इंजिनखोलीत पाव कापायची सुरी दातांत धरून
आरशात बघायचा. रविवारी ओठ कापला.
म्हणाला, दाढी करताना.
दाढी त्याला अजून यायची आहे.

मी सुकाणूवर. अठ्ठावीस वर्षं.
मी काही बोललो नाही,
फक्त नऊची खेप
इंजिन तापलंय सांगून धक्क्यालाच ठेवली.
कुणी तक्रार केली नाही.
कायतानच्या रस-ऑम्लेटच्या गाड्यावर टीव्ही आहे.

नऊ वाजले. तो लटकत होता.
नऊ-चार. लटकत होता.
मग त्याला आई आठवली.
मग आईला त्याचं बारसं आठवलं.
मग साबणाची जाहिरात.
मग गडावर त्याच्या बायकोच्या हातून समई पडली,
तीनदा पडली, तीन बाजूंनी,
आणि तिन्ही वेळा ढग गडगडले
मागे खिडकीत टिपूर चांदणं असताना.
कप्तान पेला फिरवत हसला,
असा हसला की पिएदादनं विचारलं,
ह्याची दाढ दुखते की काय?
मग सुरी. सुरी जवळून.
सुरीत आईचा चेहरा.

पाणी एकदाच दाखवलं, आणि तिथे मी उठलो.
भरती आहे, असं कप्तानच सांगतो.
नांगरावरची बोट पाण्याला तोंड देऊन राहते,
भरतीला दर्याकडे, सुकतीला गावाकडे,
बांधावरच्या म्हशीलाही हे ठाऊक आहे.
ह्यांचं गलबत आडवं,
लग्नाच्या फोटोला उभं राहिल्यासारखं.
बस रे, म्हणाले मास्तर, पडद्यापुढून बाजूला हो.

नऊ-सव्वीसला त्यानं एक हात वर नेला.
कायताननं कालथा हवेत धरला.
त्यानं दातांतली सुरी काढली.
हातात घेतली.
म्हणाला, "आई..."

क्रमशः.

ऑम्लेट करपलं होतं.
मास्तर म्हणाले, मी आधीच सांगितलेलं, बखरीत नाही.
पिएदाद म्हणाली, पैसे संपले असणार बिचाऱ्यांचे,
पाण्यात उतरायचं तर पैसे लागतात.

मग आम्ही बोट सोडली. सुकती लागलेली.
दिवाडीला प्रवाहानं शेपूट ओढलं,
मी इंजिन मागे घेतलं,
प्रज्योतनं उडी मारली, मधे दीड हात अंधार,
आणि दोर खुंट्याला टाकला. चुकला.
परत टाकला. लागला.
दोर ताणून करकरला. एक स्कूटरवाला
हॉर्न वाजवत होता केव्हाचा.
तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं,
पिएदादची रिकामी पाटी घरंगळत चाललेली, ती मी बघत होतो.

परत आला तेव्हा त्याच्या ओठावरची खपली निघाली होती.
मामा, म्हणाला, तो उडी का मारत नाही?
म्हटलं, त्याचं पाणी उलटं आहे.
त्याला पटलं.
मला नाही.

पुढल्या बुधवारी माझी पाळी दुपारची आहे.
घरी टीव्ही आहे, मोठा, मुलीनं घेतलेला.
आज ऑफिसात जाऊन रात्रीची मागितली बदलून.
अर्जात कारण लिहायला एक ओळ होती.
मी "घरगुती" लिहिलं.