खळ

आचारसंहिता लागली त्या संध्याकाळी
मुकादमाने बादली दिली, ब्रश दिला
आणि रद्दीचा गठ्ठा.
म्हणाला, उद्या रात्रीपर्यंत
प्रभागात एक नाव दिसता कामा नये.

लोकमान्यनगरच्या डेपोपासून सुरू केलं,
मी आणि हरेश्वर.
मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद,
झुरळं खाऊ नयेत म्हणून.
बाकडं. बाकडं. व्यायामशाळा. मुतारी.
मुतारीवर दोन नावं होती,
एकाने बांधली, दुसऱ्याने टाइल्स बसवल्या.
पाणी कुणाच्याच निधीतून आलं नव्हतं.

हरेश्वर वाचायचा, मी झाकायचो.
कार्यसम्राट. झाक.
विकासपुरुष. झाक.
'यांच्या अथक प्रयत्नांतून' –
याला अख्खं पान लागतं.

नाल्याकडेच्या बाकड्यापाशी थांबलो.
तीनदा रंगवलेलं.
नखाने खरवडलं तर
वरचा रंग, खाली दुसरा, त्याखाली पुन्हा पहिला.
माणूस एकच.
आडनावातली चुकलेली वेलांटीसुद्धा
तिन्ही पक्षांत जशीच्या तशी.

पान घेतलं तर त्यावर तोच,
हात जोडून: मरेन पण झेंडा बदलणार नाही.
तारीख पाहिली. नऊ महिनेही झाले नव्हते.
उलटं लावावं म्हटलं,
तर मागच्या बाजूला दुसरा,
याची चौकशी करा म्हणून ओरडणारा.
हल्ली दोघं एकाच गाडीतून फिरतात.
आणि त्या दोघांना गद्दार म्हणणारा तिसरा
परवा त्यांच्याच शेजारी बसून
आमच्या गल्लीत वडापाव खाऊन गेला.
शेवटी मी राशिभविष्याचं पान शोधलं.

टँकरच्या रांगेतून पारूबाई घोणे बघत होती.
झाकतोयस कशाला रे मेल्या, म्हणाली,
नाव समोर असलं की
शिव्या घालायला बरं पडतं.

मग महिनाभर
बाकडं म्हणजे नुसतं बाकडं होतं.
पोरं बसली, म्हातारे बसले,
एका कुत्रीने खाली चार पिल्लं घातली.
गटारही कुणाचंच नव्हतं, म्हणून तुंबलं.
तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले,
आचारसंहिता आहे.

आता दुसऱ्यांचंच सांगून कसं चालेल?
आमच्या चाळीनेही घेतलं.
एकाकडून पत्रे, दुसऱ्याकडून मंडळाला भांडी.
मीटिंगमध्ये ठरलं, घ्यायचं सगळ्यांचं,
द्यायचं मनातल्याला.
मी हात वर केला.
माझ्या मनात कुणी नव्हतं.
पत्रे मात्र अजून गळत नाहीत, हे कबूल.

मतदानाच्या दिवशी बाईने बोट मागितलं.
नखात खळ वाळलेली, शाई धरेना.
धुऊन या, म्हणाली.
शाळेच्या नळाला पाणी नव्हतं.
पँटला घासलं, थुंकी लावली,
मग कुठे ती काळी रेघ बसली, वाकडीतिकडी.
आत चार बटणं दाबायची होती.
तीन दाबली.
चौथ्यावर इतका वेळ थांबलो
की पडद्यापलीकडून कुणीतरी खोकलं.
मग यंत्र लांबलचक वाजलं,
नापास मुलाच्या नावाने शिट्टी मारावी तसं.
कुणाला दिलं ते सांगणार नाही.
खरं तर सांगण्यासारखं नाही.

निकालानंतर मुकादमाने पत्ती दिली, खरवडायला.
गुलालावरून पाय सरकत होता.
बाकड्यावरचा कागद सोलला
तर त्याच्याबरोबर रंगही आला,
तिन्ही थर.
खाली लाकूड. कुणाचंच नसलेलं.
फक्त ती वेलांटी तेवढी राहिली,
कशाने निघेना.

पारूबाई हंडा टेकवून बसली त्यावर.
आता कुणाला घालू, म्हणाली.

हरेश्वरने मुकादमाला फोन लावला:
रंग उडालाय, नवीन कुठला आणू?
पलीकडे बराच वेळ ढोल वाजत होता.
मग तो म्हणाला,
थांब जरा.
महापौर कुणाचा, ते ठरू दे.