चार बोटं

शेगडी आली खोऱ्यातून वर, ग्वेनलियनच्या ट्रॅक्टरवर,
ओतीव लोखंडाची, लिलावात घेतलेली, एका पायानं लंगडी.
फायरप्लेसपुढे टेकवली तर
चार बोटं रुंद.
लहान तोंडी मोठा घास, मी म्हटलं.
हेविन म्हणाला, फेब्रुवारी आहे, आता परत कोण नेतो?
तोंडच फाकवू.

गावातून भाड्यानं दोन लोखंडी टेकू आणले,
वरची भिंत अंगावर येऊ नये म्हणून.
जाणते सांगतात: आधी तुळई शोधा, मग हात लावा.
आम्ही आधी हात लावला.

पहिल्यांदा निघाल्या फिक्या पिवळ्या फरशा,
आईनं हप्त्यानं घेतलेल्या.
त्यांच्यावर आमचे मोजे वाळायचे.
फरशांमागे विटा.
विटांमागे आणखी विटा, जुन्या,
कोळशाच्या जाळीपुरती फट ठेवून रचलेल्या.
हेविनची छिन्नी, माझी बादली.
दाढ उपटावी तशी एकेक वीट हलवून, पिळून,
आणि मग भसकन
सत्तर हिवाळ्यांची काजळी,
तिच्यात एक घरटं: काटक्या, तारेचा तुकडा, मेंढीची लोकर.

तुळई कापावी लागलीच नाही.
ती होती माझ्या डोक्याच्याही वर,
ओकचं अख्खं खोड, काळंकुट्ट,
बाजूच्या चिऱ्यावर सुऱ्या परजल्याच्या खाचा.
मी आत उभी राहिले. वर पाहिलं.
नाण्याएवढं वेल्सचं आभाळ,
आणि त्यातून एक थेंब, नेमका डोळ्यात.

म्हणजे तोंड मोठंच होतं.
ज्याला ज्याला थंडी वाजली
त्यानं त्यानं ते थोडं थोडं मिटलं.

आता शेगडी आत सरकवली तर
भल्यामोठ्या जबड्यात एकुलता एक दात.
हेविन हसला, खोकला लागेपर्यंत हसला.

टेकू परत दिले. तीन दिवसांचं भाडं, भार शून्य.
विटा मागच्या भिंतीला लावून ठेवताना
एकीच्या वाळल्या चुन्यात अंगठ्याचा ठसा दिसला.
बाबांचा असणार. ती फट त्यांनीच भरली होती,
मेंढ्या विकल्या त्या वर्षी.
हेविननं हातमोजा काढला,
आपला अंगठा त्यात टेकवला.
मावला नाही.
डावा लावून पाहिला.
"बाबा तर केवढे होते," तो म्हणाला,
विटेला की मला, कळलं नाही.

आत लाकूड ओलं होतं, धूर माघारी येत होता.
मी फुंकर घालायला गेले.