जोडलेली नऊ

वाटणीच्या कागदावर सगळं होतं.
दोन लेथ, एक ड्रिल,
उद्यमनगरातल्या गाळ्याचं शटर कुणी उघडायचं,
सासूबाईंची पितळी परातसुद्धा.
वकिलानं दोनदा वाचून दाखवलं.
वायफाय कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग घराच्या मधोमध चार इंची भिंत आली.
आमच्या अंगाला गिलावा, त्यांच्या अंगाला विटा उघड्याच,
कारण गिलाव्याचे पैसे कुणी द्यायचे यावर पुन्हा भांडण.
राऊटर आमच्या माळ्यावर,
बिल ह्यांच्या नावावर,
पासवर्ड मात्र जुनाच:
वर्कशॉपचं नाव, पुढं बंद पडलेल्या लँडलाईनचा नंबर.
बदलूया असं कुणी म्हणालं नाही.
राहू दे असंही नाही.

रात्री हिशेब लिहून झाला की
मी मोबाईलवर यादी उघडते,
पूर्वी परसदाराची कडी बघून यायचे तशी.
जोडलेली उपकरणं: नऊ.
पाच आमची, त्यात सुजयनं बसवलेला बल्बही आला.
चार भिंतीपलीकडची,
सुजयनंच शाळेत असताना ठेवलेल्या नावांची:
मोठ्या-काकूचा-फोन.
काका-रेडमी.
शर्वरी-टॅब.
हॉलचा-टीव्ही. म्हणजे त्यांचा हॉल,
यादीत अजून नुसताच हॉल.

दीड वर्ष झालं, विजयमाला जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत.
नळाला पाणी आलं तर बादली आपटतात,
हाक मारत नाहीत.
पण मला ठाऊक असतं,
अकराला टीव्ही जातो,
दीडला त्यांचा फोन जागा होतो
आणि अर्धा तास जागाच राहतो.
गुडघा असेल.
किंवा कुठल्यातरी पार्टीकडं अडकलेले पैसे.
विचारायची सोय नाही. दिसतं, एवढंच.

मग एकदा चमकले:
यादी त्यांनाही दिसत असणार.
सुजय पुण्याला गेला त्या आठवड्यात
त्याचा लॅपटॉप गळालेला त्यांनी बघितला असणार,
आणि माझा फोन, बारा, एक, दोन.

फेब्रुवारीत प्रिंटर आपोआप सुरू झाला.
मी भाकरी थापत होते.
घर्र घर्र करत कागद बाहेर:
शर्वरीचं बारावीचं हॉलतिकीट,
फोटोत पोरगी रागावल्यासारखी.
चुकून आमच्या प्रिंटरवर बोट पडलं,
का आईच म्हणाली, दाब तिथंच?
पिठाच्या हातानं धरला, कोपऱ्यावर अंगठा उमटला.
बोळातून जाऊन त्यांच्या पायरीवर ठेवला,
उडू नये म्हणून वर कास्टिंगचा एक तुकडा.
संध्याकाळी तो तुकडा आमच्या पायरीवर होता.
तेल पुसून.

परवा केबलवाल्यांचा पोरगा आला, मुजावरांचा तौफिक.
नेट हळू चालतंय म्हणून ह्यांनीच बोलावलेला.
यादी बघून हसला,
"वहिनी, अर्धं कोल्हापूर जोडलंय की तुमच्यावर!
ही चार कुणाची?"
ह्यांनी भिंतीकडं हनुवटी केली.
"मग पाहुण्यांच्या वायफायवर टाकतो त्यास्नी.
नेट मिळंल, पर कोण कुणाला दिसणार न्हाई.
दोन मिनिटाचं काम."

पाहुणे.
ह्या घरात भात कुठल्या पातेल्यात शिजतो
ते मला जिनं दाखवलं, ती पाहुणी.
जिच्या बाळंतपणाला सीपीआरच्या व्हरांड्यात
मी रात्रभर थर्मास धरून बसले, ती.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.
मी म्हणाले, चहा घे आधी.

चहा झाला. तौफिकनं राऊटर नुसता बंद करून चालू केला.
यादी कोरी. मग एकेक येत गेलं:
बल्ब. प्रिंटर. ह्यांचा फोन, माझा.
आमचा टीव्ही.
शर्वरी-टॅब. हॉलचा-टीव्ही. काका-रेडमी.
आठ.

तौफिक दारात बूट चढवत होता.
"झालं न्हवं, वहिनी? जाऊ?"
भिंतीपलीकडं काही वाजलं नाही.
थांब जरा, म्हणाले,
अजून एक यायचाय.