ओली मिरी

एळेच्या धक्क्यावर माझी तागडी.
दांडी सागवानाची, साखळ्या लिस्बोआच्या,
वजनं राजाची, प्रत्येकावर मुकुट ठोकलेला.
मी काटा दोन बोटांनी थोपवतो, आकडा ओरडतो,
आणि कारकून दुआर्त लिहितो,
डावीकडून उजवीकडे, आमच्यासारखंच,
तरी मला त्यातलं एक अक्षर लागत नाही.

एवढं मात्र शिकलो:
होन्नावरची मिरी जहाजात सहा महिने वाळते.
इथे शंभर किंताल चढली
तर तिथे नव्वद उतरते.
त्या दहांना वहीत वेगळा रकाना आहे.
चोरी नाही, नासाडी नाही,
वाटेत हलकं झालेलं, बस.

त्या साली करमळीची अकरा घरं
रातोरात खाडीपार गेली.
चुलीत विस्तव तसाच.
मी दुआर्तला रकाना विचारला नाही.

नारू राहिला. माझा धाकटा.
चाळीस जणांबरोबर डोकं ओलं करून आला,
गाश्पार द आब्रेव होऊन.
शेत राहावं म्हणून,
की त्याच्या तापात पाद्रीनं तीन रात्री
उशाशी बसून पेज भरवली म्हणून?
दोन्ही खरं.
आई त्याला नारूच म्हणते.
तो ओ देतो,
आधी दाराकडे बघून.

देऊळ पाडलं तेव्हा देव तळीत होता,
कमळांच्या मुळांत, गाळात, एकवीस दिवस.
बाविसाव्या रात्री मी त्याला कोठीत आणला
आणि, हात सवयीचा गुलाम,
तागडीत ठेवला.
तीन मण, सात शेर.
एका पारड्यात तो, दुसऱ्यात मुकुटच मुकुट.
काटा थरथरला, मग उभा राहिला.
माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सरळ माप,
आणि ओरडायची सोय नाही.

पोत्यात तो, भोवती मिरी,
वर राजाची लाख.
दुआर्तला म्हटलं, एक पोतं ओलं निघालं,
व्यापाऱ्याला परत.
त्यानं मान वर न करता लिहिलं.

बाणस्तारीच्या पाझावर मशाल,
मशालीखाली गाश्पार, हातात लोखंडी सळई.
मिरीत वाळू आहे का, खडे आहेत का,
हे पोटात खुपसून बघायची.
त्यानं मला पाहिलं. पोतं पाहिलं.
मागे उभ्या सार्जंटनं जांभई दिली.
सळई आत गेली, कच्चकन मिरी चिरत,
आणि थांबली.

दगडावर लोखंडाचा आवाज
तो किती लहान असतो!
मी ऐकला. होडीवाल्या फोंडूनं ऐकला.
नदी तेवढ्यापुरती वाहायची थांबली असं म्हणणार होतो,
पण नाही, भरती होती, ती चढतच होती.

"ओली मिरी," गाश्पार फिरंगी भाषेत म्हणाला,
"गोळा झालीय पार. जाऊ दे."
सळई बाहेर काढून
त्यानं ती बाहीला पुसली. हळू.
दोनदा.

पलीकडे अंत्रुजात
माडाच्या झावळ्यांखाली पहिला अभिषेक झाला.
पाणी तपकिरी उतरलं.
भट मंत्रात शिंकला, मग पोरं शिंकली,
मग म्हाताऱ्या, डोळ्यांना पदर लावून.
कोण रडलं आणि कोणाला मिरी झोंबली
हे तोलणारी तागडी माझ्याकडे नाही.

मी एळेला परतलो. अजून तोलतो.
आठवड्यानं फोंडू निरोप घेऊन आला,
पाझावरून, तोंडी:
"पोतं परत पाठव. शिक्क्याचं आहे,
मोजणीत कमी येईल."
एवढंच? मी विचारलं.
फोंडूनं वल्ह्यावरचं शेवाळ खरवडलं.
"आणि विचारलंय,
लागलं का त्याला?"

डाव्या खांद्यावर
मिरीच्या दाण्याएवढा टवका उडालाय.
मी बोटानं चाचपलाय तो.

पोत्याची घडी केली, फोंडूच्या हाती दिली.
"नाही म्हणून सांग," म्हटलं.
एक खोटं दुआर्तच्या वहीत आहे.
हे दुसरं.