पान एकसष्ट

ओदिलों चित्रं काढायचा, मी आवाज लिहायचे.
व्हर्व्हियेत, बंद लोकर-गिरणीच्या मागच्या खोलीत
दोन टेबलं, एक शेगडी,
शाईच्या बाटलीवर झाकण म्हणून कॉफीची बशी.
मोरीतली गुळगुळ, खिळ्याचं टक्,
तळघरातून वर येणाऱ्या ओल्या लोकरीच्या बाईचं
लांबलचक स्सस
सगळं माझ्या हातचं. बाईसाठी टाक मी मुद्दाम बोथट ठेवायचे.

पान एकसष्टवर, उजवीकडे खाली,
आई कडीला हात लावते.
मी टाक बुडवला.
तो म्हणाला, इथं आवाज नको.
पान उलटताना होतो, तेवढा पुरे.

पुढचं पान त्यानं अकरा रात्री काळं केलं.
छापखानेवाला वैतागला, एवढी शाई?
पण दिवा तिरका धरलात
तर काळ्यात काळा एक चेहरा दिसतो.
दिसतो म्हणजे, तो धरायचा तुम्हीच.

काल मार्योलेनकडे मालिका पाहिली.
गिरणी कुठल्याशा परक्या देशातली, स्वस्तात भाड्यानं मिळालेली.
कडी वाजली, बिजागरी किंचाळली,
व्हायोलिनं अंगावर धावून आली
आणि दार उघडलं. मी न उघडता.
चार सेकंदांत दात, लोकर, लोकरीतले दात.
मार्योलेनचा नातू ओरडला,
मग सोफ्याच्या फटीत पडलेला वेफर शोधू लागला.
हात्तिच्या, म्हटलं मनात.

पण खोटं कशाला बोलू?
दाराआधी एकदा ती नटी मागे वळते,
जिन्यावर झोपी गेलेल्या पोराकडे बघते.
गालाला पीठ लागलेलं.

पुस्तकात आईला चेहरा नाही.
दीडशे पानं नुसती पाठ, अंबाडा, एप्रनची गाठ.
जाणकारांनी लिहिलं, काय युक्ती आहे!
युक्ती कसली डोंबलाची,
त्याला आठवतच नव्हता.
चार वर्षांचा होता ती गेली तेव्हा,
आणि घरात होता तो एकच फोटो
हललेला.

मी म्हटलं, थांबव रे तिथं.
पोरानं बटण दाबलं,
नेमक्या तिच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या.
जिवंत माणूस मध्येच थांबवला की असाच दिसतो.
पुढे मागे करून पाहिलं त्यानं बिचाऱ्यानं,
नाही जमलं.

रात्री घरी येऊन ओदिलोंची प्रत काढली,
त्याची स्वतःची, पहिल्या छपाईतली.
एकसष्टचा कोपरा मळून कापडासारखा मऊ.
उलटायला गेले तर उलटेना.
बासष्ट आणि त्रेसष्ट
शाईनं एकमेकांना चिकटलेली,
छापखान्यातून आली तशी.

बोट सरकवलं तर सुटतील.
दिवाही हाताशी आहे, तिरका होणारा.
बसलेय.