दोन अर्थ

खिशातला टेस्टर अजून तोच,
टोपी चावलेला, पिवळट दांड्याचा.
एकवीस वर्षं त्याला एकच प्रश्न विचारला:
आहे की नाही?
तो पेटायचा, नाहीतर नाही पेटायचा,
मी बिल लिहायचो.

आता लोक विचारतात, कसं वाटतंय?

पर्वरीला तीन दिवस शिकलो.
माझ्या मुलाच्या वयाचा मास्तर डोळे मिटून म्हणाला,
गायिका मध्ये उभी आहे,
तबला जरा डावीकडे, दिसतंय ना?
मी म्हटलं, दिसतंय.
मला फक्त त्याच्यामागचा जॉइंट दिसत होता,
टेप न लावता सोडलेला.

स्पीकरची तार झटका देत नाही.
हे पचायला वेळ लागला.
उघडं तांबं बोटांत धरून
पहिला महिना उगाच दचकायचो.
लाल-काळी उलटी लागली तरी
फ्यूज उडत नाही, धूर निघत नाही,
फक्त आवाजातलं पोट निघून जातं,
रिकाम्या पिंपात बोलल्यासारखं.
जुन्या धंद्यात चूक थोबाडीत मारायची.
इथे ती चहा पिऊन निघून जाते
आणि गिऱ्हाईक परत फोन करत नाही.

सांजांवच्या आधल्या आठवड्यात
हळदोण्याला इजिदोरचं काम मिळालं.
तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला तारवटी,
डावा कान तिथेच ठेवून आलेला.
पाच स्पीकर, एक सबवूफर, फुटबॉलसाठी भिंतभर पडदा.
घर ओळखीचं.
बारा वर्षांपूर्वी वायरिंग माझंच,
चिऱ्याच्या भिंती मीच फोडलेल्या.
त्याच पाइपांतून स्प्रिंग घातली,
सर्वेश पलीकडून ओरडला, आली!
संध्याकाळी सगळं चालू केलं. काहीच लावलं नाही.
मला वाटलं, छान.
इजिदोरने चपला काढल्या,
अनवाणी उभा राहिला सबवूफरपाशी.
"खंय तरी इंजिन चालू आसा," म्हणाला.

कान लावला. होतं.
करवंटीखाली भुंगा कोंडावा तसं.
तारा बदलल्या, प्लग बदलले.
सर्वेश म्हणाला, कंपनीचाच फॉल्ट.
गिऱ्हाईक दुसरं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

साडेआठला टॉर्च घेऊन मागे विहिरीकडे गेलो.
तिथे माझाच खड्डा. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी,
पंपासाठी वेगळं अर्थिंग.
पुढे जांभळीखाली दुसरा, घरासाठी.
तेव्हा वाटलेलं, दोन म्हणजे दुप्पट सुरक्षित.
बिलही जवळजवळ दुप्पट.
डिश पंपघरावर, तिची तार मागच्या अर्थला,
अँप्लिफायर पुढच्या.
मध्ये मीटर धरला: पावणेदोन व्होल्ट.
एकाच घराखालची माती, आणि तिचे दोन अर्थ.
कुणी मेलं नसतं त्याने.
बारा वर्षं दिवे लागले, पंप चालला,
मी काय करून ठेवलंय
ते ऐकू येण्यासारखं घरात काही नव्हतं, इतकंच.

चिखलात गुडघे टेकून
दोन्ही खड्डे जाड हिरव्या तारेने एकमेकांना बांधले.

आत आलो. इजिदोर पुन्हा अनवाणी.
बराच वेळ.
मग बंदरात इंजिन थांबल्यावर हलवत असेल
तशी त्याने मान हलवली.

पूर्वी शांतता म्हणजे लाईट गेली,
लोक बाल्कांवात येऊन माझ्या नावाने बोटं मोडायचे.
ही शांतता चालू होती.
निळा दिवा पेटलेला, पाच स्पीकर जागे,
कुणी काही बोलत नव्हतं.
हिचं बिल कसं करायचं, सर्वेशने विचारलं.
तारेचे मीटर लिही, मी म्हटलं. खोदाई लिहू नको.

रात्री घरी जेवायला बसलो तर
फ्रिज.
ट्यूबचा चोक.
शेजारचा इन्व्हर्टर, भिंतीतून.
संज्योत म्हणाली, हुमण निवतंय, कसला विचार करताय?
मी म्हटलं, गप्प. ऐक.
घास हातात धरून तिने ऐकलं.
मग म्हणाली,
हे होय? हे तर मी लग्न होऊन आले
तेव्हापासून ऐकतेय.