दुसखेड्याच्या अलीकडे

भुसावळच्या जुन्या बाजारात युसूफ पिंजारीनं
तीन वायरलेस मांडले.
पहिल्याचा भाव ऐकूनच हात मागे.
दुसरा देखणा, पण रेल्वेचा पट्टाच नाही त्यात.
तिसऱ्याला एरियलच्या जागी सायकलचा आरा.
"कितलाले देशी?"
"नऊशे. खरखर फुकट."

गच्चीवर दोन रात्री नुसती खरखर.
तिसऱ्या रात्री, अडीचला,
मालगाडीचा ड्रायव्हर:
"गार्डसाहेब, झोपले का?"
"नाही हो. केळीला पाणी सोडलंय कुणी,
वास येतोय."
"इकडे पण."
मग सिग्नल मिळाला असावा.

बत्तीस वर्षं ब्रेकव्हॅनमध्ये
आप्पा एकटे असायचे,
असं आई सांगते.

सेल उतरलेत. उद्या नवे घालून
तिलाही गच्चीवर नेईन.